फाइलमधील अक्षरे सी भाषेत क्रमाने लावताना सुरुवातीला एक अनोळखी चिन्ह येते

प्रश्न : दुसरे वर्ष, संगणक अभियांत्रिकी

नमस्कार. एका मजकूर फाइलमधील सर्व अक्षरे वाचून, ती चढत्या क्रमाने लावून दुसऱ्या फाइलमध्ये लिहायची, असा प्रोग्राम आम्हाला प्रात्यक्षिकासाठी सी भाषेत लिहायचा आहे. मी लिनक्सवर जीसीसी हा कंपायलर (प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे साधन) वापरते. माझी रचना साधी आहे. एफओपनने फाइल वाचण्यासाठी उघडते, एफईओएफ खरे होत नाही तोपर्यंत लूप चालवते, लूपमध्ये एफगेटसीने एकेक अक्षर घेऊन ते कॅर (एका बाइटचे अक्षर) प्रकाराच्या २० लाख घरांच्या ॲरेमध्ये, म्हणजे सलग घरांच्या रांगेत, ठेवते, नंतर बबल सॉर्ट (शेजारच्या अक्षरांची तुलना करून अदलाबदल करत जाणे) करते आणि शेवटी एफपुटसीने सर्व अक्षरे लिहिते.

चाचणीसाठी मी इंग्रजीतला ‘बनाना’ हा एकच शब्द असलेली फाइल घेतली. त्यात सहा अक्षरे आणि शेवटी एक नवी ओळ, म्हणजे एकूण सात बाइट आहेत. माझा प्रोग्राम मात्र आठ अक्षरे वाचल्याचे सांगतो. निकालाच्या फाइलमध्ये पहिल्या ओळीवर काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह दिसते आणि दुसऱ्या ओळीवर तीन ए, एक बी, दोन एन असे बरोबर क्रमाने येतात. ते चिन्ह मूळ फाइलमध्ये कोठेही नाही. ते शेवटी आले असते, तर काहीतरी जास्तीचे वाचले गेले असे मी समजले असते. पण ते सर्वांत आधी का येते, हे मला कळत नाही.

आणखी दोन अडचणी आहेत. सुमारे १२ लाख अक्षरांची मोठी फाइल दिली, तेव्हा पाऊण तास झाला तरी प्रोग्राम संपला नाही आणि शेवटी मी तो थांबवला. शिवाय निकाल वेगळ्या फाइलमध्ये न लिहिता मूळ फाइलमध्येच लिहावा म्हणून मी तीच फाइल सुरुवातीलाच एकदा वाचण्यासाठी आणि एकदा लिहिण्यासाठी अशी दोनदा उघडली, तर ती पूर्ण रिकामी झाली. सुदैवाने माझ्याकडे प्रत होती. या तिन्ही गोष्टींमागची कारणे समजून घ्यायची आहेत. केवळ दुरुस्त प्रोग्राम मिळाला, तर पुढच्या वेळी मी पुन्हा तिथेच अडकेन.

उत्तर : प्रणाली प्रोग्रामर

आपण सात आणि आठ बाइटांचा फरक मोजून पाहिला, म्हणून उत्तर देणे सोपे झाले. पहिल्या अडचणीत दोन वेगवेगळ्या चुका एकत्र आल्या आहेत आणि त्यांतली दुसरी अधिक महत्त्वाची आहे.

एफईओएफ हे फंक्शन ‘यापुढे फाइलमध्ये काही उरले आहे का’ हे पाहत नाही. ‘आधीचा वाचण्याचा प्रयत्न फाइलच्या शेवटावर आपटला होता का’ एवढेच ते सांगते. आपण सातवा बाइट वाचला, तेव्हा तो वाचन-प्रयत्न यशस्वी झाला. पुढे काही नाही, हे ग्रंथालयाला (सीच्या तयार फंक्शनांच्या संचाला) अजून माहीतच नाही. त्यामुळे एफईओएफ खोटे राहते, लूप आठव्यांदा चालतो, एफगेटसी या वेळी अक्षराऐवजी ईओएफ, म्हणजे ‘फाइल संपली’ असे सांगणारे मूल्य, परत देते आणि आपला प्रोग्राम तेही अक्षर समजून ॲरेमध्ये ठेवतो. हा झाला आठवा बाइट. म्हणून लूपची अट एफईओएफवर न ठेवता एफगेटसीने दिलेल्या उत्तरावरच ठेवावी. उत्तर आधी व्हेरिएबलमध्ये घ्यावे, ते ईओएफ असेल तर लूप सोडावा, नसेल तरच ते अक्षर मानावे. एफईओएफचा खरा उपयोग लूप संपल्यानंतर आहे. वाचन फाइल संपल्यामुळे थांबले की डिस्कवरील एखाद्या दोषामुळे, हे तेव्हा एफईओएफ आणि एफएररला विचारता येते.

आता ते चिन्ह आधी का आले, याकडे येऊ. ईओएफचे मूल्य ऋण असलेच पाहिजे, एवढे सीचे मानक सांगते. व्यवहारात ते जवळजवळ सर्वत्र उणे १ असते. आपण ते कॅरमध्ये ठेवले. आपल्या संगणकावर, म्हणजे इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरवरील जीसीसीमध्ये, साधा कॅर चिन्हयुक्त, म्हणजे ऋण मूल्येही घेणारा, असतो आणि उणे १२८ ते १२७ ही मूल्ये धरतो. त्यामुळे उणे १ जसेच्या तसे राहिले. नवी ओळ या चिन्हाचा क्रमांक १०, लहान ए चा ९७. उणे १ या सर्वांहून लहान, म्हणून सॉर्टनंतर ते सर्वांत पुढे गेले. एफपुटसीने ते लिहिताना त्याचे चिन्हरहित रूप लिहिले, म्हणजे २५५. यूटीएफ-८ या, अक्षरे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीच्या मजकुरात २५५ हा बाइट कधीच वैध नसतो, म्हणून आपल्या टर्मिनलने त्याच्या जागी काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह दाखवले. त्यानंतर नवी ओळ आली आणि म्हणून आपली खरी अक्षरे दुसऱ्या ओळीवर गेली. आपला सॉर्ट बरोबरच होता, त्याला दिलेला माल चुकीचा होता.

यातून पुढचा मुद्दा निघतो आणि माझ्या मते या प्रात्यक्षिकात शिकण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे. नाव ‘अक्षर वाचा’ असे असूनही एफगेटसीचे उत्तर कॅर प्रकाराचे नसून इंट या मोठ्या पूर्णांक प्रकाराचे असते. एका बाइटमध्ये ० ते २५५ अशी २५६ मूल्ये असू शकतात आणि फाइलमध्ये त्यांपैकी कोणतेही येऊ शकते. त्याशिवाय ‘आता काही उरले नाही’ असेही सांगावे लागते. म्हणजे संभाव्य उत्तरे २५७ झाली. २५७ उत्तरे २५६ घरांत बसत नाहीत. म्हणून फंक्शन मोठा डबा वापरते : खरा बाइट असेल तर ० ते २५५, आणि नसेल तर त्या मर्यादेबाहेरचे ऋण मूल्य. आपण ते उत्तर लगेच कॅरमध्ये कोंबले, तर २५५ क्रमांकाचा खरा बाइट आणि ईओएफ यांतला भेद कायमचा पुसला जातो. म्हणून उत्तर घेणारे व्हेरिएबल इंटच हवे. तपासणी झाल्यावर, ते बाइट आहे अशी खात्री पटल्यावरच, ते चिन्हरहित कॅरच्या ॲरेमध्ये ठेवावे.

फाइल रिकामी होण्याचे कारण अगदी थोडक्यात : एफओपनला लिहिण्याची साधी रीत दिली की, फाइल अस्तित्वात असल्यास तिची लांबी त्याच क्षणी शून्य केली जाते. एफपुटसी एकदाही चालले नाही, तरी जुना मजकूर गेलेला असतो. आपण वाचायला सुरुवात केली, तेव्हा वाचण्यासारखे काही उरलेच नव्हते. निकाल नेहमी वेगळ्या नावाच्या फाइलमध्ये लिहावा, एफक्लोजने यश सांगितले आहे हे पाहावे आणि मगच रीनेम फंक्शनने जुन्या नावावर आणावा. लिनक्सवर रीनेम जुन्या फाइलची जागा घेते. विंडोजवर त्या नावाची फाइल आधीच असेल तर ते अपयशी ठरते, म्हणून तिथे जुनी फाइल आधी काढावी लागते.

उत्तर : प्रयोगशाळेत शिकवणारा

वाचनाविषयी वर सर्व काही आले आहे, म्हणून मी वेगाबद्दल लिहितो.

बबल सॉर्टमध्ये ‘न’ अक्षरांसाठी सुमारे ‘न’च्या वर्गाच्या निम्म्या तुलना होतात. १२ लाखांसाठी ही संख्या ७२,००० कोटी होते. संगणक सेकंदाला १०० कोटी तुलना करतो असे उदारपणे धरले, तरी बारा मिनिटे झाली. त्यात अदलाबदलीचा खर्च आणि ऑप्टिमायझेशनशिवाय केलेले कंपायलेशन मिळवले, की पाऊण तासात काम न संपण्यात आश्चर्य नाही. प्रमाणित ग्रंथालयातील क्यूसॉर्ट हे क्रम लावणारे फंक्शन वापरले, तर तुलना साधारण अडीच कोटींवर येतात आणि काम सेकंदाच्या आत संपते. क्यूसॉर्टला तुलना करणारे फंक्शन द्यावे लागते. त्यात आलेले व्हॉइड पॉइंटर (प्रकार न सांगणारे स्मृतीतील पत्ते) चिन्हरहित कॅरचे पॉइंटर म्हणून वाचावेत. विद्यार्थी सवयीने ते इंटचे पॉइंटर म्हणून वाचतात. मग एका अक्षराऐवजी शेजारच्या तिघांसह चार बाइट वाचले जातात आणि क्रम असा लागतो की, त्याचा अर्थ लावता लावता प्रात्यक्षिकाचा तास संपतो.

परंतु आपल्या प्रश्नाला क्यूसॉर्टचीही गरज नाही. अक्षरांची एकमेकांशी तुलना करण्याचे कारणच काय? फाइलमध्ये १२ लाख बाइट असोत वा १२ कोटी, त्यांचे प्रकार २५६ च आहेत. एक ए आणि दुसरा ए यांत काहीही फरक नाही, त्यामुळे कोणता आधी ठेवायचा हा प्रश्न उद्भवत नाही. म्हणून २५६ काउंटरांचा ॲरे घ्यावा, सर्व काउंटर शून्य करावेत, फाइल एकदा वाचत जावी आणि प्रत्येक बाइटच्या क्रमांकाचा काउंटर एकाने वाढवावा. शेवटी शून्यापासून २५५ पर्यंत जाऊन प्रत्येक क्रमांकाचा बाइट त्याच्या मोजणीइतक्या वेळा लिहावा. निकाल आपोआप क्रमाने येतो. निवडणुकीत मतपत्रिका मोजताना उमेदवारानुसार गठ्ठे लावतात, तशीच ही कृती आहे. याला काउंटिंग सॉर्ट म्हणतात. हॅरॉल्ड सिवर्ड यांनी १९५४ मध्ये एमआयटीत ती मांडली. फाइल स्मृतीत ठेवावी लागत नाही, म्हणून आपला २० लाख घरांचा ॲरेही नको आणि फाइल त्याहून मोठी निघाली तर काय, ही चिंताही नको.

‘बनाना’साठी ही पद्धत कागदावर करून पाहा. १० क्रमांकाच्या काउंटरमध्ये १, ९७ मध्ये ३, ९८ मध्ये १, ११० मध्ये २, बाकी सर्व शून्य. बेरीज सात. ही बेरीज फाइलच्या आकाराशी जुळते का, हे प्रोग्रामच्या शेवटी नेहमी तपासावे. आपला आठवा बाइट या एका तपासणीने लगेच पकडला गेला असता.

या छोट्या प्रोग्राममध्ये तीन खड्डे आहेत आणि दरवर्षी कोणी ना कोणी त्यांत पडतेच. पहिला : काउंटरचा क्रमांक म्हणून साधा कॅर वापरणे. १२७ च्या वरचा बाइट आला की कॅर ऋण होतो आणि आपण ॲरेच्या आधीच्या, आपल्या नसलेल्या जागेत एक मिळवतो. शुद्ध इंग्रजी मजकुरात हे कधीच घडत नाही, त्यामुळे चूक महिनोन्महिने लपून राहते. एफगेटसीचे इंट उत्तर थेट क्रमांक म्हणून वापरले, तर हा धोका उरत नाही. दुसरा : शेवटच्या लूपमध्ये ० ते २५५ जाणारे व्हेरिएबल चिन्हरहित कॅर ठेवून ‘२५५ किंवा त्याहून कमी’ अशी अट लिहिणे. त्या प्रकारात २५५ नंतर पुन्हा ० येतो, अट कधीच खोटी होत नाही, आणि निकालाची फाइल डिस्क भरेपर्यंत वाढत जाते.

तिसरा खड्डा काउंटरच्या आकाराचा आहे. टर्बो सी हा जुना कंपायलर अजून काही ठिकाणी वापरात आहे आणि त्यात इंट १६ बिटांचा, म्हणजे कमाल ३२,७६७ चा असतो. मोठ्या इंग्रजी मजकुरात शब्दांमधल्या मोकळ्या जागा सहज दोन लाख भरतात. नेमक्या २,००,००० असतील, तर असा काउंटर तीनदा पूर्ण फिरून ३,३९२ वर येतो आणि निकालात तेवढ्याच जागा उमटतात. प्रोग्राम कोठेही अडखळत नाही, कोणतीही सूचना देत नाही. माझ्या एका तुकडीत हे घडले होते आणि अक्षरे हरवतात तरी कोठे, हे शोधण्यात एक पूर्ण दुपार गेली होती. काउंटर चिन्हरहित लाँग लाँग प्रकाराचे घ्यावेत. जुन्या कंपायलरमध्ये तो प्रकार नसेल, तर चिन्हरहित लाँग घ्यावा.

काउंटिंग सॉर्टची मर्यादाही सांगायला हवी. विद्यार्थ्यांची नावे गुणांनुसार लावायची असतील, तर मोजून पुन्हा लिहिणे पुरत नाही, कारण प्रत्येक गुणामागे एक माणूस असतो. तिथे मोजणीवरून प्रत्येक नोंदीची जागा काढावी लागते किंवा क्यूसॉर्टकडे जावे लागते. आपल्या प्रश्नात अक्षरामागे काही नाही, म्हणून ते इतके सोपे झाले.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

दोन्ही सरांचे आभार. मोजणीची पद्धत वापरल्यावर १२ लाखांची फाइल एंटर दाबताक्षणी पूर्ण झाली आणि बेरीजही आकाराशी जुळली.

आता दोन नव्या गोष्टी घडल्या आहेत. तुलनेसाठी मी जुना ॲरेचा प्रोग्रामही ठेवला आणि त्यात फक्त लूपची अट बदलून ईओएफची तपासणी घातली. व्हेरिएबल मात्र कॅरच राहिले. आमच्या संगणकावर ‘बनाना’साठी तो बरोबर चालला. प्रकल्पासाठी मिळालेल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर तोच प्रोग्राम कंपाइल केला, तर तो थांबतच नाही आणि शेवटी सेगमेंटेशन फॉल्ट (आपली नसलेली स्मृती वापरल्याची चूक) येतो.

दुसरी गोष्ट अशी की, उत्सुकता म्हणून मोजणीच्या प्रोग्रामला मी मराठी मजकुराची फाइल दिली. बाइटांची बेरीज जुळते, पण निकालात एकही मराठी अक्षर दिसत नाही, फक्त प्रश्नचिन्हांच्या रांगा दिसतात. मराठी अक्षरे क्रमाने लावायची असतील तर काय करावे?

उत्तर : प्रणाली प्रोग्रामर

पायवरील प्रोसेसर एआरएम जातीचा आहे आणि तिथल्या लिनक्समध्ये साधा कॅर चिन्हरहित असतो. मानकाने ही निवड कंपायलरवर सोडली आहे, त्यामुळे दोन्ही संगणक आपापल्या जागी बरोबर आहेत. तिथे ईओएफचे उणे १ कॅरमध्ये ठेवताच २५५ झाले. नंतर तुलना २५५ आणि उणे १ यांची झाली, आणि ती कधीच जुळणार नाही. लूप शेवटानंतरही चालत राहिला, ॲरेची २० लाख घरे भरली आणि त्यापलीकडे लिहिताना प्रोग्राम कोसळला. आपल्या संगणकावर तो चालला, कारण मजकुरात २५५ हा बाइट नव्हता. त्याच प्रोग्रामला एखादे छायाचित्र देऊन पाहा. २५५ चा पहिला बाइट लागताच फाइल संपली असे समजून तो थांबेल, आणि जेपीईजी फाइलचा तर पहिलाच बाइट २५५ असतो. एका संगणकावर अनंत लूप आणि दुसऱ्यावर अर्धवट वाचन, दोन्हींचे मूळ तेच : २५७ उत्तरे २५६ घरांत. व्हेरिएबल इंट करा, दोन्हीकडे चालेल.

उत्तर : मराठी मजकुरावर काम करणारी

दुसऱ्या गोष्टीचे उत्तर मी देते, कारण माझे रोजचे काम याच्याशी संबंधित आहे आणि हा प्रश्न आपण विचारलात याचा मला मनापासून आनंद झाला. बहुतेकांचा अभ्यास इंग्रजी अक्षरांपाशीच थांबतो.

आपला प्रोग्राम अक्षरे मोजत नव्हता, बाइट मोजत होता. इंग्रजी मजकुरात एक अक्षर म्हणजे एक बाइट असल्याने तो फरक जाणवला नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. ‘कमळ’ हा शब्द घ्या. क म्हणजे २२४, १६४, १४९. म म्हणजे २२४, १६४, १७४. ळ म्हणजे २२४, १६४, १७९. आपण हे नऊ बाइट क्रमाने लावले, तर आधी १४९, मग तीनदा १६४, मग १७४, १७९ आणि शेवटी तीनदा २२४ येते. १२८ ते १९१ हे बाइट नेहमी एखाद्या चिन्हाच्या मध्ये किंवा शेवटी येतात, सुरुवातीला कधीच नाही. आणि २२४ नंतर दोन बाइट यावेच लागतात. निकालात एकही वैध चिन्ह उरले नाही, म्हणून प्रश्नचिन्हे दिसली. भरतकामातले दोरे उसवून रंगानुसार लावावेत आणि मग त्यात नक्षी शोधावी, तसे हे झाले.

म्हणून आधी बाइट जोडून युनिकोड (प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक देणारे मानक) क्रमांक काढावा. पहिला बाइट १२८ पेक्षा लहान असेल तर तोच क्रमांक. १९४ ते २२३ असेल तर चिन्ह दोन बाइटांचे, २२४ ते २३९ असेल तर तीन, २४० ते २४४ असेल तर चार बाइटांचे. तीन बाइटांसाठी पहिल्यातून २२४ वजा करून ४०९६ ने गुणावे, दुसऱ्यातून १२८ वजा करून ६४ ने गुणावे, तिसऱ्यातून १२८ वजा करावेत आणि तिन्हींची बेरीज करावी. क साठी शून्य, अधिक ३६ गुणिले ६४, अधिक २१, म्हणजे २३२५. देवनागरीचा मूळ विभाग २३०४ ते २४३१ असा १२८ क्रमांकांचा आहे. मोजणीची पद्धत इथेही तशीच चालते, फक्त काउंटर वाढतात. युनिकोडचे सर्व ११,१४,११२ क्रमांक धरले आणि काउंटर आठ बाइटांचा असला, तर ॲरे सुमारे ८९ लाख बाइटांचा होतो. तो फंक्शनच्या आत साधा ॲरे म्हणून घोषित करू नका : लिनक्सवर स्टॅकची (फंक्शनच्या आतील व्हेरिएबलांच्या जागेची) नेहमीची मर्यादा ८ मेगाबाइट असते, हा ॲरे तिच्या थोडा वर जातो आणि मेनमध्ये शिरताच प्रोग्राम कोसळतो. तो स्टॅटिक ठेवावा किंवा कॅलोक या स्मृती मागणाऱ्या फंक्शनने घ्यावा.

नोटपॅडमध्ये साठवलेल्या काही फाइलींच्या सुरुवातीला २३९, १८७, १९१ हे तीन बाइट असतात. ती यूटीएफ-८ ची खूण आहे, मजकूर नव्हे. ती ओलांडून पुढे वाचावे.

एवढे केल्यावर चिन्हे दिसू लागतील, पण निकालाने समाधान होणार नाही. ‘की’ हे आपल्यासाठी एक अक्षर आहे, युनिकोडसाठी मात्र क आणि दीर्घ वेलांटी अशी दोन चिन्हे. ‘क्ष’ तर तीन : क, हलन्त, ष. बहुतेक मात्रांचे आणि हलन्ताचे क्रमांक ह च्या पुढचे आहेत, म्हणून क्रम लावल्यावर सर्व व्यंजने आधी येतील, त्यांच्यानंतर आधाराविना लटकणारे काने, वेलांट्या आणि मात्रा येतील, आणि प्रत्येकाखाली ठिपक्यांचे वर्तुळ दिसेल. फाइलमधला एकही क्ष शिल्लक राहणार नाही. इथे आपल्यालाच ठरवावे लागते की, ‘अक्षर’ म्हणजे आपण काय धरतो. मी सुचवेन : एक व्यंजन, हलन्ताने जोडलेली पुढची व्यंजने, आणि त्यांवरील मात्रा, अनुस्वार, विसर्ग हे सर्व मिळून एक अक्षर, किंवा एक स्वर आणि त्यावरील अनुस्वार. वाचताना हलन्तानंतर व्यंजन आले तर ते चालू अक्षरातच जोडत राहायचे, एवढा नियम सुरुवातीला पुरतो.

अशी अक्षरे आता वेगवेगळ्या लांबीची झाली, त्यामुळे २५६ काउंटरांची युक्ती थेट वापरता येत नाही. इथे क्यूसॉर्ट कामाला येते. तुलना मात्र युनिकोड क्रमांकांवर करू नका, कारण तो क्रम मराठी वर्णमालेचा नाही. युनिकोडमध्ये ल २३५४, ळ २३५५, व २३५७ आणि ह २३६१. आपण शाळेत शिकतो तो क्रम श, ष, स, ह, ळ, क्ष, ज्ञ असा आहे. युनिकोड क्रमांकांवर विसंबून शब्दसूची केली, तर ळ असलेले शब्द ल आणि व यांच्यामध्ये घुसतात. असे शब्द अनेक ऑनलाइन याद्यांमध्ये चुकीच्या जागी मी पाहिले आहेत, आणि दर वेळी मला वाईट वाटते, कारण चूक एका छोट्या कोष्टकाने टळली असती. १२८ घरांचा ॲरे घ्यावा, प्रत्येक देवनागरी चिन्हाला त्यात वर्णमालेतील स्थान लिहावे, ळ ला ह च्या पुढचे द्यावे, आणि क, हलन्त, ष किंवा ज, हलन्त, ञ असा जोड दिसला तर तुलनेपूर्वी त्याला ळ च्याही पुढचे स्वतंत्र स्थान द्यावे. तुलनेचे फंक्शन या स्थानांची तुलना करते.

एक बारकावा आणखी. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला ऱ दोन रीतींनी लिहिलेला सापडतो : २३५३ हा एकच क्रमांक, किंवा र म्हणजे २३५२ आणि त्याखाली नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) म्हणजे २३६४. युनिकोड दोन्हींना समान मानते. आपल्या प्रोग्रामला ते कळत नाही. काही जुन्या मजकुरात तर तेच रूप साधा र, हलन्त आणि न दिसणारे शून्य-रुंदीचे जोडचिन्ह वापरून टंकलेले असते आणि ते चिन्ह देवनागरी विभागाबाहेरचे, ८२०५ क्रमांकाचे आहे. १२८ घरांच्या कोष्टकात त्याला घर नाही, म्हणून क्रमांक विभागात आहे का हे तपासल्याशिवाय कोष्टकात डोकावू नये. वाचतानाच अशी रूपे एका ठरलेल्या रूपात आणावीत, नाहीतर डोळ्यांना सारखी दिसणारी दोन अक्षरे निकालात दोन ठिकाणी पडतील.

तयार साधने आहेत. सेटलोकेलने मराठी लोकेल (भाषेच्या नियमांचा संच) निवडून स्ट्रकॉलने शब्दांची तुलना करता येते. त्या संगणकावर ते लोकेल बसवलेले असावे लागते. मोठ्या कामासाठी युनिकोड मजकुराचे आयसीयू हे ग्रंथालय आहे. तरीही प्रात्यक्षिकासाठी कोष्टक स्वतःच्या हाताने भरावे असे मला वाटते. क च्या आधी काय आणि ह च्या नंतर काय, हे आपण लहानपणी पाठ केलेले असते. ते संगणकाला सांगताना पहिल्यांदाच लक्षात येते की, अनुस्वार असलेला ‘कं’ हा ‘क’ नंतर लगेच ठेवायचा की ‘कौ’ नंतर, हेही कोणीतरी ठरवावे लागते.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

पायवर व्हेरिएबल इंट केल्यावर प्रोग्राम लगेच थांबला. छायाचित्र दिल्यावर जुन्या प्रोग्रामने माझ्या संगणकावर शून्य अक्षरे वाचल्याचे सांगितले, तेव्हा २५७ चा हिशेब पक्का बसला.

मराठीचे कोष्टक काल रात्री भरले. ‘कं’ आणि ‘कः’ मी बाराखडीप्रमाणे ‘कौ’ नंतर ठेवले आहेत. ‘कमळ, कमल, कवळ, क्षमा, काळ’ या पाच शब्दांतून निघालेल्या अक्षरांमध्ये आता का हा क नंतर येतो, व नंतर ळ येतो आणि क्ष सर्वांत शेवटी. ‘दुसऱ्या’ची दोन्ही रूपे अजून वेगळी पडतात, २३५२ नंतर २३६४ आला तर २३५३ करायचे, ही दुरुस्ती आज वाचनाच्या फंक्शनमध्ये घालते आहे.